राहिलेल्या तीन गाठी

रविवारी दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी बोईसरच्या थिएटरात पडद्यावरच्या रेडिओ ऑपरेटरने हातातला सेट फेकून दिला, बंकरच्या कोपऱ्यात अंग चोरलं आणि दोन्ही हातांत तोंड लपवून तो रडायला लागला. पाचव्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसलेला मितेश सावे उठून उभा राहिला. मागून कोणीतरी ओरडलं, "ए, खाली बस ना." मग त्याला ओळखलं असावं, कारण मागची कुजबुज एकाएकी थांबली. मितेश बसला नाही. उरलेली एकोणीस मिनिटं त्याने भिंतीला पाठ टेकून, उभ्यानेच सिनेमा बघितला.

खेळ खास होता. नवापूरच्या स्मारक समितीने अख्खं थिएटर घेतलं होतं, कारण सिनेमा नवापूरच्याच मेहुल पागधरेवर होता. अडीच वर्षांपूर्वी उत्तरेच्या सीमेवरच्या एका चौकीत मेहुल मारला गेला. चौकीत सहा जण होते. त्यातला रेडिओ ऑपरेटर म्हणजे चिंचणीचा मितेश. सिनेमावाल्यांनी मेहुलचं नाव खरं ठेवलं होतं आणि ऑपरेटरचं बदललं होतं. पण त्या चौकीत ऑपरेटर एकच होता, आणि तो कोण, हे नवापुरात आणि चिंचणीत सगळ्यांना ठाऊक होतं.

पडद्यावर मेहुल हेल्मेट काढून, खांद्याला झेंडा बांधून चढ चढत गेला. चढता चढता त्याने नऊ जणांना मारलं. मितेश सवयीने गोळ्या मोजत होता. एकच मॅगझिन, आणि त्यातून एकशे बारा. सहाच्या सहा जवान खांद्याला खांदा लावून उभे होते, एका तोफगोळ्यात सगळे जातील असे. साहेब भाषण करत होते आणि तोफा त्यांचं भाषण संपायची वाट बघत होत्या. कोणाच्याही कानातून रक्त येत नव्हतं. शेवटी मेहुल आईला उद्देशून तीन मिनिटं बोलला आणि गेला. थिएटर उभं राहून टाळ्या वाजवत होतं. पहिल्या रांगेत मेहुलची आई चंद्रकांता पदर तोंडात धरून रडत होती.

चार महिन्यांत मितेशने शत्रूचं तोंड एकदाही पाहिलं नव्हतं. शत्रू म्हणजे आवाज. दोन घरं पलीकडे कोणी मिक्सर लावावा तसा ड्रोनचा तो आवाज आभाळातून यायचा. तो आला की सगळे चौकी झाकणाऱ्या छद्मजाळीखाली गप्प पडून राहायचे, खोकलासुद्धा गिळायचे. बाकी वेळ बर्फ वितळवून पाणी करायचं, बॅटऱ्या गारठू नयेत म्हणून पोटाशी धरून झोपायचं, डब्यात लघवी करायची आणि पायाच्या बोटांचा रंग बघत राहायचं. चार महिन्यांत मेहुलने एकूण अकरा गोळ्या झाडल्या, त्याही रायफल तपासताना. यातलं सिनेमात काही नव्हतं. ते नसलं तर नसलं, त्याचं मितेशला फारसं काही वाटलं नव्हतं. लोक तिकीट काढून माणसांना बॅटऱ्या पोटाशी धरताना बघायला येत नाहीत, एवढं त्याला कळत होतं. पण जो सेट त्याने सोडला नव्हता, तो त्याने फेकला असं दाखवायचं कोणाला काय कारण होतं?

जिन्याजवळ चंद्रकांताकाकीने त्याला गाठलं. ती त्याच्या डाव्या बाजूने काहीतरी बोलत होती. त्या कानाने त्याला ऐकू येत नाही, म्हणून त्याने मान वळवली. काकीने त्याचा हात दोन्ही हातांत धरला.

"घाबरला असशील, तं काय झालं? माणूसच हायस तू. मी मनात काय ठेवलं नाय, पोरा."

आजूबाजूला चाळीसएक माणसं थबकून ऐकत होती. स्मारक समितीचा अध्यक्ष पंढरी मान हलवत होता, काकीच्या मोठ्या मनाला दाद दिल्यासारखी.

"हो काकी," मितेश म्हणाला.

हे 'हो' त्याला घरी पोचेपर्यंत खात होतं. शिव्या दिल्या असत्या तर त्याने ऐकून घेतल्या असत्या. न केलेल्या गोष्टीची माफी मिळाली होती, आणि त्याने ती हात जोडून घेतली होती.

*

कान गेल्यावर मितेशला सैन्यातून मोकळं केलं होतं. आता तो तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका रसायन कारखान्याच्या गेटवर सुरक्षा पर्यवेक्षक होता. सोमवारी सकाळच्या पाळीला तो वॉकीटॉकीवर आतल्या गेटशी बोलत होता, तेवढ्यात सालवडहून येणाऱ्या कंत्राटी कामगारांच्या रांगेतून आवाज आला.

"फौजी साहब, सेट पकड़ के रखना. फेंक मत देना."

रांग हसली. हसण्यात वाईट काही नव्हतं. त्यांना सिनेमा आवडला होता, एवढंच. मितेशने गेट बंद करायला लावलं. मग बावन्न माणसांचे पास, डबे, बूट, एकेकाला बाजूला घेऊन तपासले. पाळी चाळीस मिनिटं उशिरा लागली. मॅनेजरने बोलावून विचारलं, "सावे, आज काही विशेष?"

"नियम आहे, सर."

"रोज असतो तो नियम?"

मंगळवारी त्याने गेटच्या खोलीतून रूपलला फोन लावला.

रूपल सिनेमाच्या लेखकांपैकी एक. दीड वर्षापूर्वी ती चिंचणीला येऊन तीन दिवस मितेशच्या ओटीवर बसली होती. रेकॉर्डर चालू ठेवून तिने सगळं विचारलं होतं. सेटचं वजन किती, हातमोजे घालून बटणं कशी दाबता, झोप किती मिळते. मुलगी हुशार होती, ऐकणारी होती. हेमांगीने, मितेशच्या बायकोने, तिला जाताना वाडीतले चिकू बांधून दिले होते.

"रूपल, मी सेट फेकला असं तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही, दादा. तो काल्पनिक माणूस आहे. तसं सुरुवातीला लिहिलंय पडद्यावर."

"चिंचणीत येऊन सांग की काल्पनिक आहे म्हणून. माझ्या गेटवर ये आणि सांग."

"दादा, मी तुम्हाला तिसऱ्या दिवशी एक प्रश्न विचारला होता, आठवतोय? मेहुल बाहेर का गेला? दिवसाउजेडी, बंदी असताना? तुम्ही उठून पाणी प्यायला गेलात. मी दोनदा विचारलं, तुम्ही दोन्ही वेळा विषय बदललात. प्रेक्षकांना कारण लागतं. एक माणूस उघड्यावर जातो, तर आत कोणीतरी घाबरलेलं असावं लागतं. नाहीतर तो का जाईल?"

"आणि झेंडा?"

"झेंडा दिग्दर्शकांचा."

पुढच्या आठवड्यात, शुक्रवारी, सिनेमा मोबाइलवर येणार होता. मग तो थिएटरपुरता राहणार नव्हता. त्याच संध्याकाळी सिनेमा कंपनीचा मेल आला. घटना वेगळी घडली असेल तर श्री. सावे यांनी ती लिहून, सही करून, प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी, म्हणजे गुरुवारी संध्याकाळी सहापर्यंत पाठवावी. प्रसंग काढण्याचा विचार करता येईल. केवळ 'असं झालं नाही' एवढं पुरेसं नाही. काय झालं, ते हवं.

हेमांगीने मेल दोनदा वाचला.

"मग लिही की. अडचण काय आहे?"

"लिहिता येत नाही."

"का?"

"त्यांच्या घरासाठी."

"आणि आपलं घर? आज बाजारात बायका माझ्याकडे बघून बोलायच्या थांबल्या. तुला एका कानाने येत नाही ऐकू. मला दोन्ही कानांनी येतं." तिने मोबाइल टेबलावर आपटला. "मला तरी सांगितलंस का कधी, काय झालं ते?"

नव्हतं सांगितलं. त्या संध्याकाळी, अडीच वर्षांत पहिल्यांदा, त्याने सांगितलं.

*

चौकीवरची छद्मजाळी एका छर्र्याने फाटली होती. भोक दोन वितींचं. रात्री शिवून घेऊ, असं ठरलं होतं. उजेडात जाळीबाहेर अंग काढायचं नाही असा हुकूम होता, आणि सहाही जणांनी तो चार महिने पाळला होता. मेहुल सकाळपासून त्या भोकाकडे बघत होता. रायफल पुसताना बघत होता, चहा पिताना बघत होता. खालच्या चौकीवाले ओरडले तरी ढिम्म न हलणारा माणूस, पण फाटलेलं जाळं समोर असलं की त्याला बसवत नसे. त्याच्या मच्छीमार बापाने, आज्याने आयुष्यभर जे केलं, ते त्याच्या हातात होतं. त्याच्या सामानात घरून आणलेली जाळं विणायची बांबूची सुई होती, नायलॉनचा दोरा भरलेली.

"पाच मिनटं, सावे."

"अंधार पडू दे, पागधरे."

"तवर भोक मोठं होईल. वारा बघ किती हाय. तसं ठेवून बसवतं कसं तुमाला?"

आणि तो वर गेला. कोपरांवर सरकत, अर्धं अंग जाळीबाहेर. त्याचे हात भराभर चालत होते. मितेशच्या सेटवर खालून इशारा आला. ड्रोन, पूर्वेकडून. मितेशने हाक मारली. मेहुलने ऐकलं. "तीन गाठी राहिल्यात," तो म्हणाला. मितेशने पुन्हा हाक मारली. तीन वाजून पंचावन्न मिनिटं झाली होती.

स्फोटाने मितेशचा कान फुटला. त्याने मेहुलला पायाला धरून ओढून आत घेतलं. मांडीतून रक्त उसळत होतं. बाकीचे चौघे मोर्चे धरून होते, त्यांना हलता येत नव्हतं. एका हाताने जखम दाबून, सेट गुडघ्यांत धरून, दुसऱ्या हाताने माइक दाबत मितेश दोन तास चाळीस मिनिटं मदत मागत राहिला. वर ड्रोन होते तोवर हेलिकॉप्टर येणार नव्हतं. हे त्याला पहिल्या दहा मिनिटांत कळलं, तरी तो मागत राहिला. मेहुल भाषण वगैरे काही बोलला नाही. त्याने पाणी मागितलं. पाय गार पडलेत म्हणाला. एकदा विचारलं, "सुई पडली काय?" सहा पस्तीसला तो गेला.

"वरच्यांनी अहवालात 'चौकीची देखभाल करताना' असं लिहिलं," मितेश म्हणाला. "खोटं नाही ते. हुकूम मोडला, एवढं लिहिलं नाही. पदकाची शिफारस अजून अडकलेलीच आहे. सिनेमा आल्यावर पंढरीने पुन्हा अर्ज केलाय, या वेळी होईल म्हणतात. मी सही करून जाळ्याचं लिहिलं, की संपलं सगळं."

हेमांगीने मेल पुन्हा उघडला. मग म्हणाली, "तू गप्प बसलास, म्हणून त्यांनी तुझं तोंड काळं केलं. अजून गप्प बसलास, तर त्यांनी रंगवलं तेच खरं होईल. आधी त्यांना सांग. नवापूरला जा. ते सांगतील तसं कर, पण जा."

*

बुधवारी दुपारी नवापूरच्या किनाऱ्यावर वळतीवर, बांबूंच्या मांडवावर, सुकत घातलेल्या बोंबलांखाली सावली पडली होती. मेहुलचा बाप कमलाकांत बोटीच्या बाजूला वाळूत बसून जाळं दुरुस्त करत होता. पहाटे बोट निघायची होती. त्याने मान वर न करता जागा दाखवली.

"बस. तुला आज ना उद्या यायचं होतंच."

"सिनेमा पाहिलात, काका?"

"पाह्यला. तो नट धावतो बरा. आमचा मेहुल कधी धावला नाय. शाळेला उशीर झाला तरी चालत जायचा." त्याने गाठ ओढली. "त्या पंढरीने पुतळ्याचं माप दिलं हाय. त्या नटासारखं नाक करणार. मी म्हटलं, आमच्या घरात असं नाक कोणाचंच नाय."

"काका, मला काहीतरी सांगायचंय."

कमलाकांत उठून घरात गेला आणि फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू घेऊन आला. फडकं उलगडलं. बांबूची सुई होती ती, टोकाला काळपट झालेली.

"ही त्याच्या पेटीत परत आली. जाताना मी ती तोंडापर्यंत भरून दिली होती. आली तं दोरा अर्धा. तिथं समुद्र नाय, मासळी नाय. मग दोरा गेला कुठं? अडीच वर्षं मी ह्येच विचारतो. कोणाला विचारणार? साहेब आले, मंत्री आले, सिनेमावाली पोरगी आली. सुईचं कोणी बोललं नाय."

मितेशने सांगितलं. हेमांगीला सांगितलं त्याहून थोडक्यात. कमलाकांत सुईवर बोट फिरवत ऐकत होता.

"दिवसा गेला?"

"हो."

"हुकूम नव्हता?"

"नव्हता."

"तू हाक मारलीस?"

"दोनदा."

"किती राहिल्या होत्या?"

"तीन गाठी."

"मग त्या कोणी मारल्या?"

मितेशला हा प्रश्न अपेक्षित नव्हता. "मी. अंधार पडल्यावर. तुमच्यासारख्या येत नाहीत मला. बुटाच्या नाडीची गाठ मारली."

"टिकल्या?"

"नऊ दिवस. आमची बदली येईपर्यंत. त्या जाळीखाली आम्ही पाचही जण वाचलो, काका."

कमलाकांतच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, हसू म्हणता येईल असं, आणि लगेच विझलं. त्याने सुई फडक्यात गुंडाळली. त्याचा आवाज चढला नाही, पण फडक्याला त्याने गाठीवर गाठ मारली.

"काम करताना मेला तो. जाळं शिवताना. ह्याची लाज वाटली त्यांना? म्हणून हातात झेंडा दिला? आमी जन्मभर ह्येच केलं, आमचं काय दाखवण्यासारखं नाय? आणि तू सेट सोडला नाय, तं तुला रडवला. एकाला मोठा करायला दुसऱ्याला मारायला लागतो का?"

"मला सही करून लिहावं लागेल. पुढच्या गुरुवारी सहाच्या आत. हुकूम मोडला, हे त्यात येईल. पदक..."

"पदक आलं तं पंढरी त्याला हार घालील. लिही तू."

मग त्याने घराच्या दिशेने पाहिलं. चंद्रकांता ओटीवर बसून कोणाशी तरी बोलत होती. हातवारे दिसत होते. चढ, झेंडा, पुन्हा चढ. सिनेमाच सांगत होती.

"पण तिला आधी मी सांगीन. तू नाय, कागद नाय. दोरा मी भरला, पण सुई तिने घातली त्याच्या पिशवीत. हाताला काम असलं की घर आठवत नाय, म्हणाली. समजतंय ना तुला?"

"समजतंय."

"आज नाय सांगवत. सोमवारी बोट आली की सांगतो. तवर थांब."

*

मितेशने त्याच रात्री जेवणानंतर दोन पानं लिहिली. तारीख, वेळ, ड्रोनचा इशारा, दोन हाका, तीन गाठी, दोन तास चाळीस मिनिटं. सही केली. हेमांगीने पानांचे फोटो काढून ठेवले.

सोमवारी बोट आली नाही. मच्छीमार सोसायटीच्या वायरलेसवर कमलाकांतचा निरोप आला, मासळी लागली हाय, दोन दिवस थांबतो. बुधवारी पुन्हा निरोप. सोबत गेलेल्या दोन बोटी तोवर परत आल्या होत्या. त्यांच्यावरची माणसं म्हणाली, मासळी बेताचीच आहे. गेटवर आता कोणी काही बोलत नव्हतं. मितेश आला की रांग आपोआप सरळ होत होती, आणि ते त्याला थट्टेहून जास्त लागत होतं.

गुरुवारी तो सुट्टी घेऊन चारलाच नवापूरला आला. सोसायटीच्या खोलीत झिपरू वायरलेस सांभाळत होता. पाच चाळीसला त्याने बोटीला हाक दिली आणि माइक मितेशच्या हातात दिला. अडीच वर्षांनी मितेशने असा माइक हातात घेतला होता. समुद्रावरची प्रत्येक बोट हे बोलणं ऐकत होती. बंदरावरच्या उघड्या खिडकीतूनही ते ऐकू जात होतं. खिडकीबाहेर वीस पावलांवर चंद्रकांता वळतीवरचे सुकलेले बोंबील काढत होती.

"काका, मितेश बोलतोय. आज गुरुवार आहे."

खरखर. मग आवाज.

"माहीत हाय."

"सहाला मुदत संपते, काका."

मितेश बटण दाबूनच बसला होता; ते सोडल्याशिवाय पलीकडचं ऐकू येत नाही, हे आठवून त्याने ते सोडलं.

"मासळीला बर्फ हाय अजून बोटीत," कमलाकांत म्हणाला. "उद्याचं बघू."

त्यानंतर बोटीने उत्तर दिलं नाही. पाच पंचावन्नला रूपलचा फोन आला. दिग्दर्शक विचारतायत, कागद येतोय का. थांब, म्हणून मितेशने फोन ठेवला. चंद्रकांता टोपली कडेवर घेऊन खिडकीशी आली. "काय म्हणतो तो?" तिने विचारलं. "कधी येतो?"

सहा वाजता कमलाकांतची बोट बंदराला लागलेली नव्हती. दोन पानांचे फोटो हेमांगीच्या मोबाइलमध्ये होते, पाठवलेले नव्हते. माइक अजून मितेशच्या हातात होता, आणि चंद्रकांता खिडकीशी उत्तराची वाट बघत उभी होती.